सगळ्यात वाईट कॅमेऱ्याचा लॅपटॉप

धाकटीचं वय अठ्ठावन्न. ह्या वयाच्या बाईला धाकटी म्हणणं शोभत नाही हे खरं, पण घरात ती शेवटची जन्मली म्हणून धाकटी झाली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. वडील गेले, मधली बहीण गेली, चार वर्षांपूर्वी आई गेली. आता तिला धाकटी म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे दादा. तो तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा आणि विमानाने गाठावं लागेल इतक्या लांब, मुलाच्या घरी राहायचा. बाकीच्यांसाठी ती टाइपिस्टबाई. आणि बाकीचे म्हणजे तरी कोण? एक कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला, एक पावाच्या दुकानातली बाई, आणि हॉस्पिटलच्या ऑफिसातून महिन्यातून एकदा फोन करणारा एक आवाज.

तिचं काम ऐकायचं आणि टाइप करायचं. डॉक्टर रोग्याला तपासतात, मग त्याचा रिपोर्ट तोंडी बोलून ठेवतात. ती बोलणी धाकटीकडे येतात. कानावर हेडफोन, टेबलाखाली पायाशी पॅडल. पॅडल दाबलं की डॉक्टर बोलतो, पाय उचलला की गप्प बसतो, टाच मागे रेटली की चार शब्द मागे जाऊन पुन्हा बोलतो. इतकं ऐकणारी माणसं तिला दुसरीकडे कुठे मिळाली असती, असं ती स्वतःशीच म्हणायची. डॉक्टर लोकांना घाई फार. कोणी घास चावत बोलतो, कोणी जिना उतरत. वीस वर्षं ती ह्या आवाजांच्या सोबतीत होती, पण त्यांतला एकही रस्त्यात समोर आला असता तर तिने ओळखला नसता. हाडांचे मोठे डॉक्टर निवृत्त झाले हे तिला कोणी सांगितलं नाही. एका सोमवारी त्यांच्या जागी भलताच तरुण आवाज आला, तेव्हा कळलं. त्या दिवशी तिला उगीचच जेवण गेलं नाही.

वीस वर्षांत तिचा एकही रिपोर्ट चुकीचा म्हणून परत आला नव्हता. वीस वर्षं पॅडल दाबून उजवा गुडघा मात्र कामातून गेला होता. तिसऱ्या मजल्यावरचं घर, त्यामुळे बाहेर जायचं म्हणजे आधी गुडघ्याची परवानगी काढायची.

ह्या सगळ्या कामाचा गाडा ओढणारा लॅपटॉप अकरा वर्षांचा होता. त्याची बिजागरी तुटली होती, म्हणून झाकणामागे रोगांचा जाडजूड कोश टेकवून ठेवलेला. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं झिजून गेली होती, आणि अंगठा पडतो तिथे स्पेसच्या लांब पट्टीला खळगा पडला होता. बॅटरी फुगून तळाला फुगवटा आला होता. आणि कॅमेरा असा की समोरचं सगळं धुक्यात गेल्यासारखं दिसायचं. ही शेवटची खोड इतर कोणाला खोड वाटली असती. धाकटीला ती देवाची कृपा वाटायची. त्याचं कारण सांगायला तीन वर्षं मागे जावं लागेल.

आई गेल्यावर धाकटी घरात एकटी उरली, आणि दादाने तिची काळजी इतकी मनावर घेतली की त्याने तिचं जगणं मुश्कील केलं. दिवसातून तीन फोन. जेवलीस का, दार लावलंस का, कोणी येतं-जातं का. एकदा तर तो तिच्याकडे कायमचं राहायला यायचं म्हणून तिकीट काढून मोकळा झाला. हृदयात दोन स्टेंट घातलेला माणूस, मुलगा-सून सोडून तीन जिने चढायला निघालेला. ते तिकीट रद्द करून घेताना धाकटीच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून ठरलं, रोजचे फोन बंद, दर रविवारी सकाळी अकरा वाजता व्हिडिओवर बोलायचं. पण ते बोलणंही दहा मिनिटांत आटपायचं. कशी आहेस, बरी आहे. काय नवीन, काही नाही. मग दोघंही एकमेकांच्या कपाळाकडे बघत बसायची.

अशाच एका रविवारी तिने आपला करडा लांब कोट धुऊन मागच्या उंच खुर्चीवर वाळत टाकला होता. हॉस्पिटलच्या ऑफिसात जाऊन काम करायचे दिवस होते तेव्हाचा कोट. काम घरी आल्यापासून तो घालून जाण्यासारखं ठिकाणच उरलं नव्हतं. वर डोकं पुसलेला टॉवेल गुंडाळून ठेवला होता. दादाने डोळे बारीक केले आणि विचारलं, "मागे कोण बसलंय गं?"

दादाला तेव्हा मोतीबिंदू होता, त्यात हिच्या कॅमेऱ्यातलं धुकं. धाकटी मागे वळली. खुर्चीत पाठमोरी बाई बसल्यासारखं खरंच दिसत होतं. "कोट आहे" हे दोन शब्द तिच्या जिभेवर आले होते. पण दादाच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला होता की ती म्हणाली, "शेजारीण."

खऱ्या शेजारच्या दाराला कित्येक महिने कुलूप होतं. पण थाप मारून झाली होती. दादाचा जीव भांड्यात पडला. "बरं झालं बाई. तिला माझा नमस्कार सांग," तो म्हणाला, आणि धाकटीने मान वळवून कोटाला सांगितलं, "दादा नमस्कार म्हणतोय."

पुढच्या रविवारी दादाने पहिलाच प्रश्न विचारला तो शेजारणीचा. आता तिच्याबद्दल सांगायचं काय? धाकटीला लोकांचं एकच कळत होतं, दुखणं. म्हणून तिने त्या आठवड्यात टाइप केलेल्या रिपोर्टातलं एक दुखणं उचलून शेजारणीला दिलं. नाव, वय, पत्ता तिने कधी बाहेर नेला नाही. नेलं ते फक्त दुखणं, तेही बरं होणारं. दादाने चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेलं, त्यामुळे तो लगेच विचारायचा, गोळी कोणती दिली, किती दिवस घ्यायला सांगितली. धाकटीकडे उत्तर तयार असायचं. अशा रीतीने तीन वर्षांत शेजारणीला खांद्याचा आखडा, कानातला आवाज, पोटरीच्या शिरा, पित्ताशयातले खडे असं काय काय होऊन गेलं. खडे झाले तेव्हा तर पित्ताशय काढावं लागलं, आणि दादाने दोन रविवार दुसरं काही विचारलं नाही. एक गुडघा तेवढा कायमचा दुखरा होता. तो रिपोर्टातला नव्हता, धाकटीचा स्वतःचा होता. आपला म्हणून सांगितला असता तर दादा पुन्हा तिकीट काढायला धावला असता.

दहा मिनिटांचं बोलणं तासावर गेलं. शेजारीण लाजाळू आहे, विणकाम करत पाठमोरी बसते, कॅमेऱ्यासमोर येत नाही, हे दादाने मान्य करून टाकलं. दादाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा आता कोट ओळखू येईल अशी भीती धाकटीला वाटली होती, पण तो नेहमीसारखा शेजारणीची चौकशी करत राहिला, तेव्हा तिने आपल्या कॅमेऱ्याचे आभार मानले. फोन संपला तरी ती कोट लगेच उचलायची नाही. संध्याकाळपर्यंत तो खुर्चीत असायचा. एकदा तर तिने "पंखा कमी करू का?" असं विचारलंही, आणि मग स्वतःचीच लाज वाटून ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

आणि अशात लॅपटॉपने मान टाकली. मंगळवारी सकाळी तो उघडला तर पडद्यावर आडव्या रेघा, आणि रिपोर्ट पाठवायचे होते दुपारपर्यंत.

दुरुस्तीवाला पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा आणि विकायला ठेवलेल्या मालाला ग्राहकासमोर शिव्या घालणारा माणूस होता. त्याने तिचा लॅपटॉप उलटा केला, फुगलेला तळ बोटाने दाबून पाहिला आणि हात टेकले. "बाई, दोनदा वाचवला मी ह्याला. आता सोडा. नवीन घ्या. किती वर्षं चालवायचा आहे ते सांगा."

"दहा."

"असं म्हणणारी माणसं आता राहिली नाहीत," तो म्हणाला, आणि खूश होऊन त्याने काउंटरवर चार लॅपटॉप मांडले. त्यांतला एक बिस्किटाएवढा पातळ आणि चकचकीत होता. तो त्याने पालथा केला. "हा बघा. पाठीला स्क्रू दिसतो का एखादा? नाही. सगळा चिकटवलाय. बॅटरी गेली की लॅपटॉप गेला. हा घ्यायचाच नाही." मग त्याने एक काळा, जाड, अजिबात देखणा नसलेला लॅपटॉप पुढे ओढला. "हा मोठमोठी ऑफिसं शेकड्याने घेतात. म्हणून ह्याचे पार्ट पुढे कित्येक वर्षं मिळतात. तळाला स्क्रू आहेत, बॅटरी मी पाच मिनिटांत बदलून देतो. मेमरी वाढवता येते. झाकण उघडा एका हाताने. उघडलं? खालचा भाग उचलला नाही ना? बिजागरी चांगली आहे. आता टाइप करून बघा."

धाकटीने बोटं ठेवली. तिने रिपोर्टात लिहितात तसं एका काल्पनिक रोग्याचं पोट मऊ असल्याचं लिहिलं. बटणं खाली जाऊन नीट वर येत होती. पॅडलची वायर लावायला जुन्या पद्धतीची जागासुद्धा होती. तिला लॅपटॉप आवडला. इतका आवडला की तिला वाईट वाटलं, कारण तेवढ्यात दुरुस्तीवाल्याने कॅमेरा सुरू केला.

पडद्यावर एक म्हातारी होत आलेली बाई दिसली. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, मागच्या फळीवरच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं, सगळं लख्ख. अकरा वर्षांत तिने स्वतःला पडद्यावर इतकं स्वच्छ पाहिलं नव्हतं. ह्यात कोटाचं बटणसुद्धा दिसलं असतं.

"ह्यापेक्षा वाईट कॅमेरा नाही का?" तिने विचारलं.

दुरुस्तीवाल्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. "वाईट?"

"तुमच्याकडे सगळ्यात वाईट कॅमेऱ्याचा कुठला आहे?"

धंद्यात इतकी वर्षं काढली, पण हा प्रश्न त्याला नवीन होता. तरी माणूस सरळ होता, त्याने हसण्यावारी नेलं नाही. त्याने आतून एक वापरलेला लॅपटॉप आणला. त्याचा कॅमेरा खरोखरच रद्दी होता, थेट तिच्या जुन्याचा भाऊ शोभेल असा. "पण बाई, खोटं बोलणार नाही. हा दोन वर्षांच्या वर जायचा नाही."

आता घोडं अडलं ते इथे. टिकणारा लॅपटॉप सगळं खरं दाखवणार, आणि खोटं झाकणारा दोन वर्षांत दगा देणार. हा निर्णय तिला एकटीला घ्यायचा होता, आणि दादा सोडून सल्ला विचारायला दुसरं कोणी नव्हतं. धाकटी स्टुलावर बसून राहिली. दहा वर्षांचा लॅपटॉप म्हणजे दहा वर्षांची शेजारीण, असा हिशेब तिने मनात घातला. पाचशे वीस रविवार. बरी होणारी इतकी दुखणी माणसाच्या अंगात मावतात तरी का? आणि दहा वर्षांनी दादा चौऱ्याऐंशीचा असेल. असेल का, हा विचार आला तसा तिने तो लगेच बाजूला सारला. त्याला आज खरं कळलं तर तो उद्या विमानात बसेल, आणि वाटेत त्याचं काही बरंवाईट झालं तर ते तिच्या माथी. तिला फार एकटं वाटलं.

"बाई, तुम्हाला अंधुक दिसायला हवंय का?" दुरुस्तीवाला जरा वेळाने म्हणाला. कशासाठी ते त्याने विचारलं नाही. त्याने काउंटरवरची चिकटपट्टी तोडून काळ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर लावली. पडद्यावरची बाई धुक्यात गेली. ओळखीचं, घरचं धुकं.

धाकटीने तोच घेतला. खोका रिक्षात घालून आणला, आणि गुडघ्याला न विचारता एकटीने तीन जिने चढवला. वाटेत ती दोनदा थांबली. दारं बंद होती.

रविवारी अकराला दहा कमी असताना तिने कोट खुर्चीवर घातला, टॉवेल गुंडाळून वर ठेवला, आणि चिकटपट्टीवर पुन्हा एकदा बोट फिरवलं. नवीन लॅपटॉप घेतल्याचा मेसेज तिने दादाला आधीच केला होता. दादा आला तो चकित होऊन.

"अगं, नवीन घेतलास ना? मग धुकं तेच कसं?"

"इंटरनेटचं काहीतरी असेल," ती म्हणाली आणि वेळ मारून नेली. दादा लॅपटॉपबद्दल विचारत होता, ती स्क्रू आणि बिजागरीबद्दल सांगत होती, आणि मनात पाल चुकचुकत होती, म्हणून तिने स्वतःच घाईने विषय काढला. "शेजारणीचं ऑपरेशन झालं ह्या आठवड्यात."

"कसलं?"

"पित्ताशय काढलं. आता बरी आहे." गुरुवारी टाइप केलेला रिपोर्ट तिला तोंडपाठ होता. "दुर्बिणीतून केलं, चार छोटी छिद्रं फक्त. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं."

पडद्यावर दादाचा हात गालाशी गेला आणि तिथेच राहिला.

"धाकटे," तो म्हणाला, "पित्ताशय माणसाला एकच असतं गं."

धाकटीचा हात आपोआप चिकटपट्टीवर गेला.

"तिचं मागच्या वर्षी काढलंस तू. मी तेव्हाही विचारलं होतं, आणि तेव्हाही दुर्बिणीतूनच काढलं होतंस."

वीस वर्षांत एक रिपोर्ट चुकला नव्हता, आणि चुकला तो असा. ती टेबलाची कडा धरून बसली. आता तिकीट, आता विमान, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

"दादा, तिकीट काढू नकोस."

"नाही काढत. ऐक. तो कोट आहे हे मला माहीत आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हापासून. आधी वाटलं नवीन चष्म्याचा दोष असेल. मग एका रविवारी तू बोलता बोलता उठलीस आणि तिची बाही सरळ केलीस. माणसाची बाही अशी कोणी सरळ करत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? आधी तू दहा मिनिटांत ठेवायचीस. ती आली आणि तू तासभर बोलायला लागलीस. तिला मी हाकलून देऊ होय?" त्याने मागच्या रिकाम्या खोलीकडे हात केला. "आणि माझं तरी काय आहे इथे? सगळी सकाळी जातात ती संध्याकाळी येतात. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, पण त्यांना वेळ कुठला? मी आठवडाभर तुझ्या त्या कोटाच्या गुडघ्याचा विचार करतो."

धाकटीला रडू आलं. तिने ते आवरलंही नाही.

"कॅमेऱ्यावर काय लावलंयस?" दादाने विचारलं.

"चिकटपट्टी."

"काढ ती. मला तुला बघायचंय."

तिने नखाने टोक उचललं आणि पट्टी ओढून काढली. दादा पुढे वाकला. बराच वेळ तो नुसता बघत होता.

"केस किती पांढरे झाले गं तुझे."

"तुझे उरले तरी कुठे?"

दोघंही हसली, आणि मग गप्प झाली. कशी आहेस हे विचारून झालं होतं. काय नवीन हेही झालं होतं. धाकटीने पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. अकरा वाजून बारा मिनिटं. पूर्वीही ह्याच सुमारास दोघं एकमेकांच्या कपाळाकडे बघायला लागायची. आता सगळं लख्ख दिसत होतं, आणि सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तिला भीती वाटली, दादा आता म्हणेल, बरं मग, ठेवतो.

दादाने घसा साफ केला. "मग," तो म्हणाला, "डॉक्टरांनी तिला पथ्य काय सांगितलंय?"

धाकटीने डोळे पुसले. "तेलकट कमी खायचं. आणि महिनाभर जड उचलायचं नाही."

"ऐकते का पण?"

"कुठलं ऐकते. एवढा मोठा लॅपटॉपचा खोका एकटीने उचलून तीन जिने चढली. वाटेत दोनदा थांबली."

"कोणाला हाक नाही मारली?"

"कोणी नव्हतं."

दादा दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तशा आवाजात म्हणाला, "तिला सांग, दादा रागावलाय. आणि रोज रात्री निजताना गुडघ्याला मलम लाव म्हणावं, हलक्या हाताने, आठवडाभर. पुढच्या रविवारी विचारणार आहे मी."

एरवी असा निरोप आला की धाकटी मान वळवून तो खुर्चीतल्या कोटाला सांगायची. ह्या वेळी ती वळली नाही.

"लावीन," ती म्हणाली.